दारातल्या बाईचा हात

लिंबायत, सुरत
१२ जून २०२५

चि. योगिताला हिलालमामाचे आशीर्वाद.

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून घाबरली असशील. घाबरू नको, इकडे सगळे धडधाकट आहेत. मामाला या वयात पत्र लिहायची हुक्की का आली, ते सांगतो. कान आता पुरते गेले. सव्वीस वर्षं लूमच्या कारखान्यात काढली, त्या खटाखटीने उजवा आधी नेला, डावा मागाहून. वाल्मिकने यंत्र आणून दिलं होतं. ते लावलं की पंखा, कुकर आणि गल्लीतली रिक्षा तिन्ही एकदम डोक्यात शिरतात, म्हणून कपाटात ठेवून दिलं. फोन माझ्या कामाचा राहिला नाही. वाल्मिक म्हणतो, मोबाइलवर लिहून पाठवा. पण त्या मोबाइलवर आलेलं आधी वाल्मिक वाचतो, मग सूनबाई वर्षा वाचते आणि उरलंसुरलं मला मिळतं. मला तुझ्याशी खाजगी बोलायचं आहे.

तू आता मास्तरीण आहेस. माझं शिक्षण सातवी. पत्रातल्या चुका लाल पेनने काढून परत पाठवू नकोस.

काम असं आहे. वाल्मिकला सुरतेबाहेर सचिन गावात कारखान्याजवळ खोली मिळाली. दिवाळी झाली की तो, वर्षा आणि माझी नात स्नेहा तिकडे राहायला जाणार. मला चल म्हणाले, पण मालती ज्या घरातून गेली ते घर सोडायला माझं मन होत नाही. माणसं जातील त्याचं मी समजून घेतलं. पण स्नेहा सात वर्षांची झाली आणि अजून माझ्याजवळ बसत नाही, हे घेऊन मी एकटा इथे कसा राहू?

दोष तिचा नाही. ती गुजराती शाळेत जाते, मैत्रिणींशी गुजराती, आईशी हिंदी. आपली अहिराणी किंवा मराठी तिच्या तोंडात नाही. कारखान्यात आम्ही एकमेकांचे ओठ पाहून बोलायचो, त्यामुळे आपल्या बोलीतलं मला ओठांवरून समजतं. तिचं समजत नाही. आणि मला माझाच आवाज ऐकू येत नाही, म्हणून मी मोठ्याने बोलतो. आजोबाला ती दादा म्हणते; पोरीला वाटतं, दादा ओरडतात. मी हाक मारली की ती आईमागे लपते.

परवा मला आपलं जादूचं पुस्तक आठवलं. तू सहा वर्षांची होतीस, तुझ्या आईला, रंजनाताईला, छातीच्या दुखण्याने दवाखान्यात ठेवलं होतं आणि तू दोन वर्षं आमच्याकडे होतीस, तेव्हाचं. त्यात अक्षर एकही नव्हतं, नुसती चित्रं. अक्षर नसलेलं पुस्तक मला आणि स्नेहाला दोघांना वाचता येईल. पण मालती सांगायची की पुराच्या साली घरात पाणी शिरलं तेव्हा पेटीसकट ते गेलं. म्हणून मी ते पुन्हा काढायचं ठरवलं आहे. चित्रं सोळा होती. मला दहाच आठवतात. तू रोज पाहायचीस, तुला सगळी आठवत असतील. तेवढी लिहून पाठव.

तुझा
हिलालमामा


धरणगाव
२४ जून २०२५

तीर्थस्वरूप मामांना योगिताचा नमस्कार.

पोस्टमनने पत्र शाळेत आणून दिलं आणि माझ्या वर्गातल्या पोरांनी ते पाकीट हातात घेऊन पाहिलं. त्यांनी माणसाने माणसाला लिहिलेलं पत्र पहिल्यांदाच पाहिलं. लाल पेन काढलं नाही, पण 'आशीर्वाद' तुम्ही बरोबर लिहिलात हे मुद्दाम कळवते. आमच्या केंद्रप्रमुखांना ते जमत नाही.

मामा, पुस्तक न आठवायला काय झालं. तुम्ही तेव्हा साड्यांच्या छपाईच्या मिलमध्ये होता. साड्यांच्या घडीत घालायला मुंबईच्या छापखान्यातली रद्दी यायची, त्या गठ्ठ्यातून तुम्ही ते मोठे कागद उचलून आणले होते. मी विचारलं, यात लिहिलेलं का नाही? तेव्हा तुम्ही ओट्यावर बसून समजावलं होतं की आमच्या साडीला पाच रंग असले तर पाच फ्रेमा लागतात, एकामागून एक. तसंच पुस्तकाचं. लाल, पिवळा, निळा छापून झाला आणि काळा चढायच्या आधीच कोणीतरी हे कागद वाया घालवले. अक्षरं काळ्यात असतात, म्हणून ती आलीच नाहीत. मी आजही पोरांना रंगीत छपाई शिकवताना हेच सांगते. तुमचं नाव मात्र सांगत नाही.

आता चित्रं. पहिल्यात मुकुट घातलेला पोरगा सिंहासनावर. मग हत्ती. मग उडती सतरंजी, तिच्यावर बसून तो खालची शेतं पाहतो. मग तीन पऱ्या, त्यातल्या एकीचा पंख छपाईत सरकून तिच्या नाकावर आला होता. पोरगा एकेक गोष्ट वाटून टाकत जातो. निळा घडा तो झाडाखालच्या म्हातारीला देतो. मग लाकडी पूल. मग ते उलटं चालणारं गाढव. सगळीकडे वाट पुढे जायची आणि गाढवाचं तोंड मागे. मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, जादूचं गाढव आहे, ते शेपटीकडून चालतं. आणि शेवटी दारातली आई, हात वर केलेली. मधली राहिलेली आठवून सावकाश लिहीन.

पुराचं मला मामींनीही सांगितलं होतं. जे गेलं त्याचं आता काय करणार.

तुमचा हात अजून स्थिर आहे का? रंग कुठून आणाल? स्नेहाच्या वयाच्या पोरांसाठी हल्ली छान चित्रांची पुस्तकं मिळतात. एक मी वेगळ्या पाकिटातून पाठवते आहे, चेटकिणीचं आहे. तुम्ही एवढा त्रास घेऊ नये असं वाटतं.

तुमची
योगिता


लिंबायत, सुरत
१९ जुलै २०२५

चि. योगिताला आशीर्वाद.

तुझं चेटकिणीचं पुस्तक आलं. चकचकीत आहे. स्नेहाने ते घेतलं, दोन मिनिटांत सगळी पानं उलटली आणि टीव्हीखाली ठेवून दिलं. त्यात इतकी अक्षरं आहेत की चित्राला श्वास घ्यायला जागा नाही. तू मनापासून पाठवलंस, तरी मला थोडा राग आला. मी पुस्तक मागितलं नव्हतं, आठवण मागितली होती.

तरी तुझ्या पत्रावरून कामाला बसलो. वाल्मिकने साड्यांच्या खोक्यांचे पांढरे पुठ्ठे आणून दिले, स्नेहाच्या जुन्या रंगपेटीतले खडू घेतले. हत्ती काढायला गेलो तर हाताने आपोआप त्याच्या पाठीवर कोयऱ्या काढल्या. पोटावर वेलबुट्टी आली, सोंडेला काठ आला. छपाईतला माणूस कुठेही गेला तरी साडीच काढतो. पऱ्या बऱ्या जमल्या. म्हातारी मालतीसारखी झाली, ते काही मी ठरवून केलं नव्हतं. ती झाल्यावर मी त्या दिवशी पुढे काही काढलं नाही.

दारातली आई जमत नाही. चार पुठ्ठे वाया गेले. तिचा हात काढला की तो रहदारीच्या पोलिसाचा दिसतो. तिची बोटं कशी होती, मिटलेली की उघडी? तळवा कुणाकडे होता? तू ते चित्र बोटाने गिरवायचीस, रोज, मला चांगलं आठवतं. आठव आणि लवकर कळव. मधली आठवली नाहीत ती राहू देत, तेवढं एक झालं की पुस्तक झालं.

हिलालमामा


धरणगाव
२ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप मामांना नमस्कार.

तुमचा राग पोहोचला. रास्त होता.

दारातल्या आईची बोटं उघडी होती. अंगठा थोडा बाजूला. तळवा आपल्याकडे. मनगटात दोन बांगड्या, एक हिरवी आणि एक पिवळी, आणि पिवळीचा रंग जागेवरून सरकलेला. पदर डाव्या खांद्यावरून. उंबऱ्याजवळ एक कोंबडी आहे, ती विसरू नका. दाराच्या वरच्या कोपऱ्यात कागद थोडा दुमडलेला होता.

शाळेत परीक्षा चालू आहेत, म्हणून एवढंच.

योगिता


लिंबायत, सुरत
२३ ऑगस्ट २०२५

चि. योगिता,

तुझ्या पत्राबरहुकूम बाई काढली. कोंबडीसुद्धा काढली. मालतीच्या सुईने सगळे पुठ्ठे शिवले आणि रविवारी सकाळी स्नेहाला बोलावलं. वर्षाने तिला पाठीवर हात ठेवून माझ्यासमोर बसवलं.

पोरीने हत्ती पाहिला. कोयरीवर बोट ठेवून काहीतरी म्हणाली. मला ओठ कळले नाहीत. मी विचारलं, काय? ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा माझा आवाज फार चढला असावा, कारण शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली आणि स्नेहा रडायला लागली. वर्षाने मला खुणेने समजावलं की ती म्हणत होती, हे मम्मीच्या साडीवर आहे. एवढंच म्हणत होती. कौतुकच करत होती. आणि मी तिच्यावर ओरडलो.

आता ती माझ्या खोलीच्या दारावरून जाताना पाय उचलून जाते. मला ऐकू येत नाही हे तिला माहीत आहे, तरी आवाज न करता जाते.

पुठ्ठ्याचं पुस्तक मी माळ्यावर टाकलं. खरं पुस्तक असतं तर झालं असतं, असं मला उगाच वाटत राहतं. त्या चित्रांत काहीतरी होतं, तुझ्यासारखी आईविना रडणारी पोरगी त्यांनी दोन वर्षं गप्प बसवली. माझ्या चित्रांत ते नाही. साडीवाल्याची चित्रं, साडीच्या खोक्यावर.

दिवाळीला दोन महिने उरले. तू लिहायचा त्रास घेतलास त्याबद्दल बरं वाटलं. आता आठवून काही पाठवू नकोस.

हिलालमामा


धरणगाव
६ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप मामा,

तुमचं पत्र येऊन आठवडा झाला. मी रोज लिहायला बसते आणि उठते. आज लिहून टाकते.

पुस्तक माझ्याकडे आहे. पुरात गेलं नाही. मी ते तुमच्याकडून चोरून आणलं.

आईला दवाखान्यातून घरी सोडलं आणि तुम्ही मला गाडीने अमळनेरला सोडायला निघालात, त्या सकाळी मी पुस्तक माझ्या कपड्यांच्या बोचक्यात फ्रॉकच्या आत घातलं. का, ते सांगितलं तर हसाल. त्या पुस्तकात शेवटी आई दारात उभी असते. मला पक्कं वाटत होतं की पुस्तक सोबत असलं तरच माझीही आई दारात असेल. आणि मामा, आम्ही घरी पोहोचलो तेव्हा आई दारात होती, हात वर करून उभी होती. तुम्हीही पाहिलंत. आठ वर्षांच्या पोरीला याहून मोठा पुरावा कुठे मिळणार? त्यानंतर परत द्यायची मला भीती वाटायची. दिलं तर आई पुन्हा आजारी पडेल. आई होती तोवर मी ते पेटीतून काढलंसुद्धा नाही. सहा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा तुम्हाला सांगायला हवं होतं. पण मामींनी पुराचं सांगितलेलं होतं, तुम्ही ते धरून बसला होता आणि मला ते सोयीचं झालं. जूनमध्ये तुम्ही विचारलंत तेव्हाही मी लपवलं. बांगडीचा रंग मला आठवत नव्हता, मी समोर पुस्तक ठेवून लिहिला.

याहून वाईट पुढे आहे.

तीन वर्षांपूर्वी शाळेच्या वाचनपेटीत एक पुस्तक आलं. उघडलं तर तेच. तोच पोरगा, तोच घडा, तोच हत्ती, आणि खाली काळी अक्षरं. मी वर्गातच खाली बसले. वाचलं आणि कळलं की आपलं पुस्तक उलटं होतं. खऱ्या गोष्टीत आई पहिल्या पानावर आहे. गरीब घरचा पोरगा, आई त्याला नशीब काढायला पाठवते, तो गाढवावर बसून निघतो, पूल ओलांडतो, म्हातारी त्याला घडा देते आणि घड्यातून पऱ्या, सतरंजी, हत्ती, मुकुट. तो राजा होतो, गोष्ट संपली. आई पुन्हा येतच नाही. गाढवही उलटं चालत नव्हतं. ते बिचारं सरळ चाललं होतं, पानंच मागून पुढे लावलेली होती.

मी मास्तरीण. मला चूक दिसली की हात थांबत नाही. मला वाटलं, मामांना घाईत पानांचा क्रम कळला नसेल, रद्दीच ती. मी मामींची शिवण उसवली, प्रत्येक पानामागे पेन्सिलने आकडा टाकला आणि नीट क्रमाने पुन्हा शिवलं. शिवून पहिलं पान उघडलं. दारात आई, हात वर. आणि मला रडू फुटलं, चाळिशी ओलांडलेली बाई मी. पान तेच होतं, पण तेव्हा ती मला बोलवायची आणि आता जा म्हणत होती. मी पुन्हा उसवलं. उलट्या क्रमाने शिवायला किती वेळ लागतो? तासाभराचं काम. पण माझ्या हाताने ते मामींसारखं होणार नव्हतं. तेव्हापासून पानं सुटी पडून आहेत.

सोळाही सोबतच्या पार्सलमध्ये पाठवते. मागचे आकडे खोडले आहेत, तरी वळ राहिलेत. फक्त कव्हर माझ्याकडे ठेवते, ते मरून कापडाचं, खिशासारखं, मामींनी साडीच्या फॉलच्या तुकड्याचं शिवलेलं. ते विटलंय आणि मी त्यात चष्मा ठेवते.

रागवा. पण स्नेहाला दाखवा.

योगिता


धरणगाव
४ ऑक्टोबर २०२५

मामा,

पार्सल पोहोचल्याची पावती मला मिळाली आहे, त्यावर वाल्मिकची सही आहे. तुमचं उत्तर नाही. मी वाल्मिकला फोन करून विचारू शकते, पण तुम्ही खाजगी म्हणाला होता.

रागाचं पत्र असलं तरी चालेल.

योगिता


लिंबायत, सुरत
२६ ऑक्टोबर २०२५

चि. योगिताला आशीर्वाद.

दिवाळी झाली. तुझी दोन पत्रं उशाशी आहेत. उत्तराला उशीर झाला कारण पहिले वीस दिवस मला खरोखर राग होता. चोरीचा नाही. तू तीन वर्षं सुटी पानं घेऊन बसलीस आणि मालती जिवंत असताना तिला एक शब्द बोलली नाहीस, याचा. ती गेली त्या वर्षी श्रावणातसुद्धा विचारत होती, योगिता येते का. राग आता गेला. का गेला ते सांगतो.

तू लिहिलंस मरून कव्हर. मी ते चारदा वाचलं. योगिता, आपल्या पुस्तकाला कव्हर कधीच नव्हतं. मी कागद कापले, मालतीने शिवले, बस्स. दोन वर्षं ते तसंच उघडं असायचं, ओट्यावर, उशीखाली, तुझ्या तेलकट हातात. मग हे कव्हर आलं कुठून? मालती तेव्हा घरी साड्यांना फॉल लावायची, मरून तुकडे तिच्याकडेच असायचे. तू बोचक्यात पुस्तक लपवलंस आणि तिने ते पाहिलं. तू अंघोळीला गेली असशील तेवढ्यात तिने ते काढलं, कव्हर शिवलं आणि परत फ्रॉकमध्ये होतं तिथे ठेवलं. आम्हाला तेव्हा मूल नव्हतं. तू निघालीस त्या दिवशी घरातून काय जात होतं ते तिला माझ्याहून जास्त कळत होतं, आणि तरी तिने ते झाकून दिलं. मग मी शोधू नये म्हणून पुढे पुराच्या साली सांगितलं की पाण्यात गेलं. पस्तीस वर्षं एका घरात राहून तिने मला पत्ता लागू दिला नाही. मला वाटायचं मी तिचे ओठ वाचतो.

दुसरी गोष्ट. क्रम चुकला नव्हता. मी रद्दी आणणारा असलो तरी एवढं मला कळत होतं की आधी गरीब आणि मग राजा. पहिल्यांदा पुस्तक सरळच शिवलं होतं, तू नीट केलंस तसंच. तुला मांडीवर घेऊन मालतीने पहिलं पान उघडलं. दारात बाई, हात वर. तू म्हणालीस, ही माय त्याला जा म्हणते, आणि जे रडायला लागलीस ते संध्याकाळपर्यंत. तुझी आई तुला आमच्या दारात सोडून दवाखान्यात गेली त्याला तेव्हा चारच दिवस झाले होते. मालतीने त्याच दिवशी शिवण उसवली, शेवटचं पान पुढे आणलं आणि सगळं उलट्या क्रमाने शिवलं. दुसऱ्या दिवशी तुला ते सगळं दाखवून शेवटच्या पानावर बोट ठेवून म्हणाली, "ती जा नई म्हनस व बेटा, ती ये म्हनस." तू चित्राकडे पाहिलंस, आणि तुला पटलं. हातावर कुठे लिहिलेलं असतं, जा की ये? काळा रंग चढला असता तर तिला हे करता आलं नसतं. गाढवाचं मात्र मला जुळवून घ्यावं लागलं.

म्हणजे तू चूक दुरुस्त केलीस आणि तिनेही दुरुस्त केली होती. तू लहान होतीस म्हणून तिची दुरुस्ती मोठी, एवढंच मी म्हणतो.

आता स्नेहाचं. मी तुझी पानं शिवली नाहीत. राग होता तोवर हात लावला नाही आणि राग गेल्यावर शिवायची हिंमत झाली नाही. भाऊबीजेच्या दुपारी पाकीट घेऊन फरशीवर बसलो आणि तिला बोलावलंही नाही. एकेक चित्र काढून खाली ठेवत होतो. ती दारात येऊन उभी राहिली. मी मान वर केली नाही. थोड्या वेळाने एक हात आला आणि त्याने परी उचलली, नाकावर पंख असलेली.

मग तिने सगळी पानं आपल्याकडे ओढली आणि मांडायला लागली. ओळीत मांडली तर ओळ भिंतीला जाऊन भिडली आणि चार पानं उरली. पुन्हा गोळा केली. या वेळी गोल मांडलं, भोंडल्याला पोरी उभ्या राहतात तसं. दारातली आई, मग गाढव, पूल, म्हातारी, पऱ्या, हत्ती, मुकुट, आणि मुकुटाच्या पुढे पुन्हा दारातली आई, कारण गोल तिथेच मिळतो. निघतानाही तीच आणि येतानाही तीच. आपण तिघांनी मिळून तीन वेळा शिवण घातली आणि तीन वेळा उसवली, आणि या पोरीला सुईच लागली नाही.

मी पाहत बसलो. तिने गोलावर बोट फिरवून काहीतरी सांगितलं. मला कळलं नाही. काय म्हणून विचारलं असतं तर ही पुन्हा पळाली असती. मी तोंड मिटून घेतलं. तेव्हा ती जवळ आली, माझी हनुवटी दोन्ही हातांनी धरली, माझं तोंड आपल्या तोंडासमोर आणलं आणि सावकाश, वेगळं वेगळं करून म्हणाली, "एनी मम्मी एने बोलावे छे." मम्मीला ओठ दोनदा मिटतात, ते आंधळ्यालाही कळेल. बोलावते, हेही कळलं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी मान हलवली. त्या दिवशी तिने मला ती गोष्ट अकरा वेळा सांगितली, दर वेळी हनुवटी धरून, आणि मी कारखाना सुटल्यापासून एवढं ऐकलं नव्हतं.

माझं पुठ्ठ्याचं पुस्तकही तिने माळ्यावरून काढायला लावलं. तो कोयऱ्यांचा हत्ती तिने खऱ्या हत्तीशेजारी ठेवला, बायको म्हणून.

उद्या ते सचिनला जातात. सामान बांधून झालं. आज सकाळी मी चहा पीत बसलो होतो आणि स्नेहा दप्तर भरत होती. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि चित्रांच्या गठ्ठ्यातून एक पान काढून वहीत सरकवलं. कुठलं ते तुला सांगायला नको. पंधरा माझ्याकडे ठेवली आणि तेवढं एक नेते आहे, म्हणजे गोल पुरा करायला तिला यावंच लागणार. मी कप तोंडाला लावला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिलो. मालतीने त्या सकाळी कुठे पाहिलं असेल, कुणास ठाऊक.

तेव्हा ते मरून कव्हर मला पाठवून दे, चष्म्यासाठी दुसरं घे. पोरीच्या दप्तरातली पाण्याची बाटली गळते.

तुझा
हिलालमामा